रोप्स कोर्सचे ‘सर्टिफिकेट’ कसे वाचावे: मानके, संज्ञा आणि तपासणीचा क्रम

हुरड्याचा हंगाम तोंडावर आला की सोलापूर परिसरातल्या कृषी पर्यटन केंद्रांना झिपलाइनची घाई होते आणि शाळांना सहलीच्या आधी मैदानात ‘अ‍ॅडव्हेंचर पार्क’ हवे असते. कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारला जातो, “सर्टिफाइड आहे ना?” तो हो म्हणतो, एक रंगीत कागद दाखवतो आणि अ‍ॅडव्हान्स दिला जातो. तो कागद बहुतेक वेळा हेल्मेटचा, कॅराबिनरचा (दोर-वायरीला अडकवायच्या, तोंड उघडणाऱ्या धातूच्या कडीचा) किंवा कंपनीच्या आयएसओ ९००१ चा असतो. शेतात उभे राहणारे खांब, त्यांवर ताणलेली वायर आणि ती चालवणारी माणसे यांच्याबद्दल त्यात अक्षरही नसते.

एक कागद एकाच गोष्टीबद्दल बोलतो. तो कशाबद्दल बोलतो हे ओळखता आले की निम्मी फसगत टळते. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर मागे येण्याचा खर्च काँक्रीट फोडण्याचा असतो.

## १. कंत्राटदाराला बोलावण्याआधी: नेमके काय उभारायचे आहे?

‘रोप्स कोर्स’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

लो कोर्स म्हणजे जमिनीलगतचे खेळ. इथे दोर बांधत नाहीत. पडणाऱ्याला सावरायला बाजूला माणसे उभी असतात. याला स्पॉटिंग म्हणतात आणि ते शिकवावे लागते. नुसते हात पुढे करून उभे राहणे म्हणजे स्पॉटिंग नव्हे.

हाय कोर्स म्हणजे उंचावरचे खेळ: बर्मा ब्रिज, लाकडी ओंडके, जाळी. इथे प्रत्येक जण हार्नेस (अंगाला आवळायचे पट्टे) घालून सुरक्षा वायरीला जोडलेला असतो. दोन प्लॅटफॉर्मच्या मधल्या एका खेळाला एलिमेंट म्हणतात.

झिपलाइनमध्ये वेग येतो, म्हणून ब्रेकचा प्रश्न येतो. मुख्य ब्रेक निकामी झाला तर माणसाला थांबवणारी दुसरी, स्वतंत्र व्यवस्था लागते. शेवटच्या खांबाला बांधलेली गादी किंवा जुना टायर ही व्यवस्था नाही.

कोणती गोष्ट हवी, कमीत कमी वय व वजन किती, जास्तीत जास्त वजन किती आणि एका एलिमेंटवर एका वेळी किती जण, हे एका पानावर लिहून काढा. पुढचे सगळे हिशेब याच पानावरून होतात.

पडताळा: हे पान पाहिल्याशिवाय कोणी दर सांगत असेल, तर तो कोर्स विकत नाही, वायर विकतो आहे.

## २. मानकांच्या तीन फायली करा

तीन कोऱ्या फायली घ्या आणि त्यांवर ‘बांधकाम’, ‘चालवणे’ आणि ‘साहित्य’ असे लिहा. कंत्राटदार देईल तो प्रत्येक कागद यांपैकी एकाच फायलीत जाईल.

बांधकाम. युरोपीय मानक ईएन १५५६७ चा पहिला भाग रचना आणि बांधकामाचा आहे. अमेरिकेत एसीसीटी या रोप्स कोर्स क्षेत्रातल्या संघटनेचे, एएनएसआय (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) मान्यताप्राप्त मानक आणि एएसटीएम एफ २९५९ ही दोन प्रामुख्याने वापरात आहेत. यांपैकी कोणते पाळणार हे आधी ठरवा आणि तेच शेवटपर्यंत पाळा. वायरीचे गणित एका मानकाचे आणि तपासणी दुसऱ्याची, अशी खिचडी केली की कंत्राटदाराला प्रत्येक ठिकाणी सोयीचा नियम सापडतो. खांब, पाया आणि वाऱ्याचा भार यांसाठी भारतीय संहिता आहेतच. वाऱ्यासाठी आयएस ८७५ चा तिसरा भाग. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे आणि त्यावर त्याची सही हवी.

चालवणे. ईएन १५५६७ चा दुसरा भाग देखरेख, प्रशिक्षण आणि तपासणीचा आहे. आयएसओ २११०१ हे साहसी पर्यटनातल्या सुरक्षा व्यवस्थापनाचे मानक आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८ च्या साहसी पर्यटन मार्गदर्शक सूचनांत झिपलाइन आणि हाय रोप्सचे प्रकरण आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाली म्हणजे आपल्या वायरीही कोणी तपासल्या, असे मात्र धरून चालू नका.

साहित्य. हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर, दोर. यांची मानके टप्पा ५ मध्ये.

सावधान: आयएसओ ९००१ चा कागद तिन्हीपैकी कुठल्याच फायलीत बसत नाही. त्याचा अर्थ कंपनीच्या कामकाजाला ठरलेली पद्धत आहे, एवढाच. तसेच सीई खूण (युरोपीय नियम पाळल्याची उत्पादकाची खूण) म्हणजे गुणवत्तेचे बक्षीस नव्हे. उंचीवरून पडण्यापासून वाचवणाऱ्या साहित्यावर सीईच्या पुढे चार अंकी क्रमांक असावा लागतो; उत्पादनावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा तो क्रमांक असतो. नुसते सीई असेल आणि अंक नसतील, तर ती वस्तू बाजूला ठेवा.

## ३. आकडे वाचायला शिका

इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून सावकाश जाऊ.

किलोन्यूटन हे बलाचे माप आहे. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०२ किलोचा भार. कॅराबिनरवर २२ लिहिले असेल तर तो सुमारे २,२४० किलोला तुटतो. तुटतो, तेवढे पेलतो असे नव्हे.

तुटण्याच्या या आकड्याला ब्रेकिंग स्ट्रेंग्थ म्हणतात. रोज जेवढा भार द्यायचा तो वर्किंग लोड. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सेफ्टी फॅक्टर मिळतो. माणसाचा जीव ज्या वायरीवर आहे तिथे ५ पेक्षा कमी फॅक्टर मान्य करू नका.

आता झोळ, म्हणजे वायर मध्यावर किती खाली लवते ते. वायर जितकी ताठ तितकी चांगली, असे दहांतल्या नऊ जणांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. माणूस वायरीच्या मध्यावर असताना ताण काढायचे ढोबळ सूत्र असे:

ताण = वजन × लांबी ÷ (४ × भार आल्यावरचा झोळ)

लांबी २० मीटर, माणूस १०० किलोचा. झोळ १ मीटर असेल तर ताण ५०० किलो. वायर ताणून झोळ ४० सेंटीमीटरवर आणला तर ताण १,२५० किलो. माणूस तोच, खांब तेच, फक्त टर्नबकल (वायर ताणायचा स्क्रू) फिरवला आणि ताण अडीचपट झाला.

हे वायरीच्या ताकदीशी ताडून पाहा. १२ मिलिमीटरची, पोलादी गाभ्याची, १७७० दर्जाची (हा आकडा तारेच्या पोलादाची ताकद सांगतो) वायररोप सुमारे ९० किलोन्यूटनला तुटते. टोकाला बुलडॉग ग्रिप (वळवलेले टोक मूळ वायरीला आवळून धरणारी पकड) लावली की साधारण ८० टक्केच ताकद धरायची, म्हणजे ७२. त्याला ५ ने भागा: १४.४ किलोन्यूटन, म्हणजे १,४७० किलोच्या आसपास. त्या ताठ वायरीवर एकटा माणूस गेला तरी मर्यादा जवळपास संपली. दोघे गेले तर ती ओलांडली, आणि त्यातला एखादा घसरून लटकला की झटक्याचा भार वेगळाच.

म्हणून टप्पा १ च्या पानावरचा ‘एका वेळी किती जण’ हा आकडा अंदाजाने लिहायचा नसतो. इंजिनिअरच्या गणितातून आलेला आकडा प्रत्येक एलिमेंटच्या पाटीवर रंगवा.

पडताळा: कंत्राटदाराला विचारा, “सर्वांत लांब एलिमेंटला भार आल्यावर झोळ किती धरलाय?” उत्तर मीटरमध्ये किंवा टक्क्यांत आले तर पुढे बोला. “एकदम टाइट करून देतो” असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्या.

## ४. बांधकाम सुरू असताना: खांब, वायर, ग्रिप

काळी माती. सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी वरचा थर काळ्या मातीचा आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्याच थरात संपला तर खांब वर्षभर हलत राहतो. खांब आत झुकला तर वायर सैल पडते, बाहेर झुकला तर ताण वाढतो, आणि वरचे गणित कोलमडते. पाया काळी माती ओलांडून मुरमात किंवा कठीण थरात गेलाच पाहिजे. खड्डा काँक्रीटने भरण्याआधी तळ स्वतः उतरून पाहा, टेप लावून खोलीचा फोटो काढा आणि तो बांधकामाच्या फायलीत ठेवा. शेततळ्याच्या भरावावर खांब रोवू नका.

खांबाला वायरीच्या उलट दिशेने ताण (खांब मागे ओढून धरणाऱ्या आधाराच्या वायरी) दिलेले असतील, तर त्या ताणांचे अँकर, म्हणजे जमिनीतले खुंटही याच नियमाने. खांब पक्का आणि अँकर काळ्या मातीत, हे बरेचदा दिसते.

झाड. वडाला किंवा चिंचेला वायर बांधायची असेल, तर झाड आतून पोकळ नाही हे जाणकाराने तपासून लिहून द्यायला हवे, आणि ते दर वर्षी. सुबाभूळ आणि निलगिरी यांचा विचारही नको.

वायर. गॅल्व्हनाइज्ड, नवी, उत्पादकाच्या चाचणी प्रमाणपत्रासह. भारतीय वायररोपसाठी आयएस २२६६ चा उल्लेख प्रमाणपत्रावर शोधा. क्रेनवरून उतरवलेली जुनी वायर चालत नाही, वरून कितीही धडधाकट दिसली तरी. ती किती भाराखाली, किती वेळा वाकली याची कुठेच नोंद नसते. बोअरमध्ये मोटर सोडायचा नायलॉनचा दोर तर कुठेच नको, हाताने धरायच्या कठड्यालाही नको. उद्या कोणीतरी त्यालाच हुक अडकवेल.

बुलडॉग ग्रिप. या छोट्या तुकड्यात सर्वांत जास्त चुका होतात. क्रम असा ठेवा:

1. वायर थिंबलवरून (वळणात बसवायच्या धातूच्या खोबणीवरून) वळवा. थिंबल नसेल तर वायर चेमटते आणि तिथेच कमजोर होते.
2. ग्रिपचा खाचांचा पाट भार घेणाऱ्या लांब वायरीवर आणि यू-बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर. उलटे बसवले तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या वायरीच्या तारा चिरडतो. एक सुलट, एक उलट असे आलटून पालटून बसवणे हीसुद्धा चूकच.
3. १२–१३ मिलिमीटर वायरीला कमीत कमी ३ ग्रिप. काही उत्पादकांच्या तक्त्यात ४ असतात. त्यांचा तक्ता असेल तोच पाळा.
4. दोन ग्रिपमधले अंतर वायरीच्या व्यासाच्या साधारण सहापट, म्हणजे ७ ते ८ सेंटीमीटर.
5. नट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. १३ मिलिमीटरच्या घडीव ग्रिपला काही उत्पादक ८८ न्यूटन-मीटर सांगतात. आपल्या ग्रिपचा आकडा तिच्या तक्त्यात पाहा.
6. वायरीवर भार देऊन पाहा आणि नट पुन्हा आवळा. भाराखाली वायर किंचित बारीक होते आणि आवळलेला नट सैल पडतो.

सावधान: हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या ओतीव ग्रिपवर उत्पादकाचे नाव नसते आणि टॉर्कचा तक्ताही नसतो. त्या डिश अँटेनाला ठीक आहेत. जीव ज्यावर आहे तिथे घडीव, शिक्का असलेलीच ग्रिप.

## ५. साहित्य: लेबल वाचून मगच पावती घ्या

बॉक्स उघडताना दोघे बसा. एकाने लेबल वाचायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचे: उत्पादक, मानक, अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष.

हार्नेस. गिर्यारोहणाचे मानक ईएन १२२७७. त्यात ए म्हणजे पूर्ण शरीराचा, बी म्हणजे ४० किलोपर्यंतच्या लहान शरीराचा पूर्ण हार्नेस, सी म्हणजे बैठा (कमरेचा), डी म्हणजे छातीचा. लहान मुलांना कंबर-नितंब असा स्पष्ट आकार नसतो. फक्त सी प्रकार घातला आणि मूल उलटे झाले तर ते हार्नेसमधून निसटू शकते. मुलांना पूर्ण शरीराचाच द्या. डी प्रकार एकटा कधीच वापरत नाहीत. आयएस ३५२१ चा शिक्का असलेला हार्नेस बांधकाम कामगारासाठी असतो; त्याची मुख्य कडी बहुधा पाठीवर असते आणि तो दहा वर्षांच्या मुलाला बसत नाही. तो खोटा नाही, त्याचे काम वेगळे आहे.

कॅराबिनर. मानक ईएन १२२७५ किंवा ईएन ३६२. अंगावर तीन आकडे आणि तीन छोटी चित्रे दिसतील: लांबीच्या दिशेने, आडव्या दिशेने आणि तोंड उघडे असताना. पहिला आकडा २० च्या वर असला तरी उरलेले दोन ७ च्या आसपासच असतात. म्हणजे आडवा अडकलेला किंवा उघडा राहिलेला कॅराबिनर आपली दोन तृतीयांश ताकद गमावून बसतो. पाहुण्यांच्या हातात देताना आपोआप बंद होऊन कुलूप लागणारेच द्या. स्क्रूचे झाकण फिरवायला लोक विसरतात.

हेल्मेट. ईएन १२४९२ गिर्यारोहणाचे, ईएन ३९७ कारखान्याचे. फरक हनुवटीच्या पट्ट्यात आहे. कारखान्याच्या हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटनला सुटावा अशीच त्याची रचना असते, गिर्यारोहणाचा ५०० पर्यंत धरून ठेवतो. सायकलचे हेल्मेट दोन्हींत बसत नाही.

दोर. ईएन ८९२ म्हणजे ताणला जाणारा, झटका खाणारा. ईएन १८९१ म्हणजे कमी ताणणारा. सुटकेसाठी आणि उतरण्यासाठी. दोन्हीचा रंग सारखा असू शकतो, म्हणून टोकावरची पट्टी वाचा.

साठवण हा सोलापुरात स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याची शेड भट्टीसारखी तापते. नायलॉन-पॉलिस्टरला ऊन आणि उष्णता दोन्ही मारक. त्याहून वाईट म्हणजे शेतावरची सवय: हार्नेस, ट्रॅक्टरची बॅटरी, युरियाची पोती आणि फवारणीची औषधे एकाच खोलीत. बॅटरीतल्या अ‍ॅसिडचा शिंतोडा पट्ट्यावर डागही न ठेवता धागा खाऊ शकतो. वेगळी, सावलीची, हवेशीर खोली द्या, जमिनीपासून उंच खुंट्या लावा आणि उंदरांचा बंदोबस्त करा. पट्ट्यावर मार्कर पेनने क्रमांक टाकू नका. शाईतले रसायन चालेलच असे नाही, क्रमांक लेबलवर लिहा. धुवायचे तर कोमट पाण्यात साध्या साबणाने आणि वाळवायचे सावलीत.

बहुतेक उत्पादक कापडी साहित्याला, न वापरता ठेवले तरी, उत्पादनापासून १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. रोज वापर असेल तर त्याच्या कितीतरी आधी ते बाद होते. बाद झालेला हार्नेस कात्रीने कापा. ‘असू दे, बैलाला होईल’ म्हणून ठेवलेला हार्नेस गर्दीच्या रविवारी परत खुंटीवर येतो.

## ६. बिले आणि देखरेख

पडणाऱ्याला धरून ठेवणाऱ्या व्यवस्थेला बिले म्हणतात. हाय कोर्सवर तिचे तीन प्रकार दिसतात: पाहुणा स्वतः दोन लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेले, टोकाला कॅराबिनर असलेले आखूड दोर) आलटून पालटून लावतो, दोन्ही कॅराबिनर एकमेकांशी जोडलेले असतात आणि एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही, किंवा सुरुवातीला एकदा जोडला की शेवटपर्यंत सुटतच नाही. पहिला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त देखरेख मागणारा. सहलीच्या मुलांसाठी तो घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. साहित्यात वाचलेले पैसे पगारात जातात, आणि पगारात वाचवायला गेलात तर अपघातात.

ईएन १५५६७ मध्ये देखरेखीचे तीन स्तर आहेत. पहिल्यात प्रशिक्षक हात लावून चूक रोखू शकतो. दुसऱ्यात तो स्पष्ट पाहू शकतो आणि बोलून थांबवू शकतो. तिसऱ्यात हाक ऐकून मदतीला येऊ शकतो. सराव आणि पहिले क्लिप (कॅराबिनर वायरीला अडकवणे) नेहमी पहिल्या स्तरावर, जमिनीलगतच्या सराव वायरीवर. तिथे दोनदा बिनचूक न केलेल्याला वर पाठवू नका, मग तो गटाचा पैसे देणारा पाहुणा का असेना.

पडताळा: वर जाण्याआधी ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, मोबाइल, मोकळे केस आणि चप्पल. प्रत्येकाचे वजन काट्यावर, विचारून नाही.

## ७. ताबा घेताना

खुला करण्याआधीच्या पहिल्या तपासणीला स्वीकृती तपासणी म्हणतात. ती बांधणाऱ्याने करायची नाही. त्याच्याशी आर्थिक संबंध नसलेल्या निरीक्षकाने करायची. अहवालात प्रत्येक एलिमेंटचे नाव, वापरलेले मानक आणि सापडलेले दोष हवेत. ‘सर्व समाधानकारक’ अशी एक ओळ म्हणजे अहवाल नव्हे. त्यानंतर वर्षातून किमान एकदा बाहेरची तपासणी, एक ते तीन महिन्यांनी स्वतःची सविस्तर तपासणी आणि रोज सकाळची पाहणी. वरची पातळी झाली म्हणून खालची टळत नाही.

काळ्या मातीसाठी आणखी एक: मेअखेर आणि सप्टेंबरअखेर प्रत्येक खांबाला ओळंबा लावा आणि आकडा लिहा. मागच्या आकड्यापेक्षा फरक दिसला तर झोळ पुन्हा मोजा.

## ८. रोज सकाळी, याच क्रमाने

1. आकाश आणि वारा. वळवाचे ढग दिसत असतील तर उशिरा सुरू करा. गडगडाट ऐकू आला की वरचे सगळे खाली. पोलादी वायरीवर वीज पडायची वाट पाहू नका.
2. जमिनीवरून खांब, पाया, ताणाच्या वायरी. नव्या भेगा, सुटलेली माती, मुंग्या-वाळवी.
3. वायरीची दोन्ही टोके: ग्रिप जागेवर, नट सैल नाही, तुटलेली तार नाही. नटांवर रंगाची रेघ मारून ठेवली तर फिरलेला नट लगेच कळतो. टोकाजवळ एकही तुटलेली तार दिसली तर ते एलिमेंट बंद, जाणकार येईपर्यंत.
4. प्लॅटफॉर्म, फळ्या, खिळे. गांधीलमाशीचे पोळे फळीखाली असते.
5. हार्नेसची शिलाई बोटाने चाचपून. कॅराबिनर उघडून, सोडून, कुलूप लागते का ते पाहून. धूळ बसली की स्प्रिंग आळसावते.
6. प्रशिक्षकाची चाचणी फेरी, स्वतः पूर्ण बिलेवर. झिपलाइनवर हलक्या आणि जड अशा दोघांची. हलका मध्ये अडकतो, जड ब्रेकवर आदळतो.
7. रजिस्टरवर सही आणि वेळ.

सही आधी करून तपासणी नंतर, हा उलटा क्रम गर्दीच्या दिवशी हळूच सुरू होतो. रजिस्टर शेवटच्या प्लॅटफॉर्मपाशी ठेवलेत तर तिथपर्यंत जावेच लागते.

## ९. सुटकेचा सराव

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाची वाट पाहणे ही सुटकेची योजना होऊ शकत नाही. दल शहरातून शेतापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ लटकलेल्याकडे नसतो.

सुटकेची पिशवी वेगळी, सीलबंद: दोर, उतरवण्याचे उपकरण, पुली, कॅराबिनर, कापायची कात्री. तिच्यातला कॅराबिनर ‘आजच्या दिवस’ काढायचा नाही. हंगाम सुरू होण्याआधी आणि नंतर दर महिन्याला प्रत्येक एलिमेंटच्या मध्यावर सहकाऱ्याला लटकवून खाली आणा आणि वेळ घड्याळावर मोजा. लटकलेला माणूस वायरीपर्यंत स्वतः हात पुरवू शकत नाही असे धरूनच सराव करा. तो शुद्धीत असेपर्यंत त्याला पाय हलवत राहायला सांगा.

कोण वर चढणार, कोण बाकीच्यांना खाली घेणार आणि कोण १०८ ला फोन करणार, ही तीन नावे रोजच्या पाटीवर असावीत. फोन करणाऱ्याला गट नंबर सांगून उपयोग नाही. हमरस्त्यावरून कोणत्या फाट्याला वळायचे, तिथून किती किलोमीटर आणि ओढ्यावरचा पूल अ‍ॅम्ब्युलन्स पेलतो का, हे त्याच पाटीवर लिहा. पावसाळ्यात तो रस्ता चिखलाने बंद होत असेल, तर तेवढे दिवस कोर्सही बंद.